सान रोकेच्या सायकल स्टँडला फुलं वाहू नयेत

स्टँडला आठ खण आहेत. हकीकत मी त्याच क्रमाने सांगतो. मध्येच कुठे उडी मारू नये. लोखंडी कमानी आहेत, नडगीला लागतात.

खण पहिला
*डॉन मॅक्सिमो पाल्मारेस. जन्म १९१८, मृत्यू १९९४.*

जूनमधल्या एका रविवारी सान रोकेच्या चर्चमध्ये मी दहा आज्ञांचं वाचन करत होतो. एकतीस वर्षं मी इलोइलो शहरात घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे वाचन माझ्या रक्तातच आहे असं आमच्या फादर निलोंचं मत. सातवी आज्ञा चोरीविषयी आहे. तिथे मी आवाज चढवला, क्षणभर थांबलो आणि मागच्या बाकांकडे रोखून पाहिलं. मागच्या बाकांवरच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आज वाचन पोचलं.

नेमकी तेव्हाच बाहेर माझी सायकल चोरीला गेली.

मिस्सा संपल्यावर पाहतो तर फाटकाला साखळी जशीच्या तशी, कुलूपही लावलेलं. चोराने कुलूप न उघडता सायकल काढली कशी, यावर अंगणात बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं मोठी टोळी असणार, कोणी म्हणालं जादूटोणा. शेवटी माझी बायको लुदिंग पुढे झाली, साखळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही साखळी फाटकालाच लावलीत. सायकल तिच्यात ओवायची राहिलीच."

हे ती सर्वांदेखत म्हणाली, आणि तेही गोड आवाजात. आमच्या इलोइलोत भांडणसुद्धा अंगाई गायल्यासारखं करतात, त्यामुळे अपमान झालाय हे कळायला घरी जाईपर्यंत वेळ लागतो. तोवर गावभर माझं नाव 'सातव्या आज्ञेवाले नोंग ताक्यो', म्हणजे ताक्योदादा, पडलं होतं.

खण दुसरा
*सेन्योरा फेलिसिदाद गेयेगो. जन्म १९२५, मृत्यू २००१.*

माझी गेली ते एक वेळ ठीक. मला डॉक्टरने पोटासाठी सायकल चालवायला सांगितली होती, आणि पोट काही चोरीला गेलं नव्हतं. खरं नुकसान झालं ते नांग सिदरिंगचं, म्हणजे सिदरिंगताईचं.

नांग सिदरिंग नदीपलीकडून येते. सायकलच्या मागे टोपली, टोपलीत नारळाच्या पानांत गुंडाळलेले भाताचे इबोस. वाटेत विकत विकत ती पहाटेच्या मिस्सेला पोचते, मिस्सा झाली की उरलेले विकत परत जाते. गायनवृंदात खालच्या सुरातला तिचा आवाज असा की गाण्याला खाली फरशी घातल्यासारखी वाटायची. ती नसली की बाकीच्या बायका वरच्या पट्टीत हवेत तरंगत राहतात आणि उतरायला जागा सापडत नाही.

माझी सायकल गेल्यापासून ती आत यायचीच बंद झाली. फाटकाशी उभी राहायची, दोन्ही हातांत हँडल धरून. तिथूनच प्रार्थना म्हणायची. सायकल तिच्या नवऱ्याची, फ्लोरेन्सियोची. तो मागच्या डिसेंबरात गेला.

"नांग, आत या हो," मी एकदा म्हणालो. "तुमची सायकल मी सांभाळतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. "नोंग, तुम्ही स्वतःची सांभाळलीत तेवढं पुरे झालं."

मग हळू आवाजात म्हणाली, "दोन नोव्हेंबरला त्यांचं नाव वाचतील ना. तेव्हा मेणबत्ती घेऊन पुढे जायचंय मला. या हँडलासकट कशी जाऊ?"

सर्व मृतांच्या दिवशी आमच्याकडे वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. नाव आलं की घरचं माणूस पेटवलेली मेणबत्ती दोन्ही हातांत धरून वेदीपर्यंत चालत जातं आणि ठेवून येतं. प्रत्येक मृताला हे एकदाच मिळतं. पुढच्या वर्षी पुढच्या लोकांची नावं. आणि ही नावं वाचतो कोण? मी.

त्या दिवशी घरी येऊन लुदिंगला सांगितलं, "चर्चला सायकल स्टँड करायचं. दोन नोव्हेंबरच्या आत."

"करा," ती म्हणाली. "पण कुलपाचं काम दुसऱ्या कोणाला द्या."

खण तिसरा
*कप्तान हर्मोहेनेस सुमागायसाय. जन्म १९३०, मृत्यू १९८७.*

पॅरिश कौन्सिलची बैठक जुलैत झाली. बैठकीचा वृत्तान्त माझ्याजवळ आहे, त्यातला कामाचा भाग देतो.

> विषय एक: सायकल स्टँड. घंटाघराजवळ नको, घंटा पडली तर? आंब्याखाली नको, आंबे पडतील. सान रोकेच्या मूर्तीसमोर नको, सान रोकेच्या पायाशी जो कुत्रा आहे त्याच्याकडे चाकं तोंड करून उभी राहतील, ते बरं दिसत नाही. (बहुमत.) दक्षिणेकडच्या भिंतीला लागून मोकळी जागा आहे. ती जागा मोकळी का आहे, याची चौकशी करावी.
>
> विषय दोन: चहापान.

चौकशी केली. ती जागा मोकळी होती कारण तिथे काही नव्हतं. कौन्सिलला हे पटायला ऑगस्टमधली सान रोकेची जत्रा उजाडली. चर्च जुनं असल्याने अंगणात काहीही बांधायचं तर बरंगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, कचेरीतून दाखला आणावा लागतो असं नंतर कळलं, आणि ते काम एकमताने माझ्याकडे आलं. एकमत म्हणजे मी सोडून सगळ्यांचं.

खण चौथा
*मायेस्त्रा पोर्फिरिया कातालबास. जन्म १९२२, मृत्यू २०१०.*

कचेरीत जाण्याआधी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. घेतला म्हणजे तो दारात येऊन बसला होता. शेजारचा बेर्तिंग, रिक्षा चालवतो, म्हणाला, "नोंग, अर्जात सायकल हा शब्दच टाळा. सायकल म्हटलं की वाहन आलं. वाहन म्हटलं की परवाना."

"मग काय लिहू?"

"दोन चाकांची भक्ती लिहा."

मी तसं लिहिलं नाही, पण कचेरीत गेल्यावर वाटलं, लिहायला हवं होतं. छापील अर्जात रकाना होता: *इमारतीचे मजले*. मी शून्य लिहिलं.

कारकून बाईंनी चष्मा काढला. "नोंग, शून्य मजल्याची इमारत नसते."

"ही इमारतच नाही. सायकली उभ्या करायच्या कमानी आहेत."

"मग इमारतीच्या अर्जात का आलात?"

"तुम्हीच दिलात ना हा अर्ज."

"दुसरा नाहीये आमच्याकडे," त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मला त्यांचीच दया आली. "तुम्ही असं करा, एक मजला लिहा. जमिनीला एक मजला धरतात."

मी एक लिहिला. तिसऱ्या दिवशी पत्र आलं: एक मजली सार्वजनिक इमारतीला अग्निशामक सिलिंडर आणि आपत्कालीन निर्गमाची पाटी बंधनकारक आहे. मी धावत गेलो. "बाई, चारी बाजू उघड्या आहेत. वरती आकाश आहे. आग लागली तर माणूस कुठूनही पळेल."

"म्हणूनच पाटी पाहिजे," त्या म्हणाल्या. "गोंधळ होईल ना त्यांचा."

खण पाचवा

या खणात अग्निशामक टांगलेला आहे. सायकल लावता येत नाही. पाटीवर फक्त बाण आहे आणि बाणाखाली *बाहेर जाण्याचा मार्ग*. बाण आंब्याकडे जातो.

खण सहावा
*डॉन सेवेरिनो आणि सेन्योरा इमेल्दिना पामा. जन्म १९१५ व १९१९, मृत्यू १९७९ व १९९८. देव त्यांना एकत्र ठेवो.*

इथे जरा बसून घेतो, कारण माझी जी चूक झाली ती याच सुमाराला.

आमच्या चर्चमध्ये कुठलीही वस्तू एकटी नसते. बाक असो, पंखा असो, पायपुसणं असो, त्यावर देणाऱ्या घराण्याचं नाव असतं. नाव नसलेल्या पंख्याखाली लोक बसत नाहीत, तो कधी पडेल याचा भरवसा वाटत नाही म्हणून. तेव्हा स्टँडच्या खणांनाही धर्ममायबाप हवेत असं फादर निलो म्हणाले. सात घराणी मिळाली, प्रत्येकाला एक खण. बहुतेकांनी आपला खण वडील, आजी, काका अशा दिवंगत माणसाच्या आठवणीत दिला. हेही आमच्याकडे नेहमीचंच. फक्त शेवटचा खण गावातल्या बड्या बाई दोन्या एस्कोलास्तिकांनी स्वतःच्या नावाने घेतला. त्या एक्याण्णव वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, "माझ्या आठवणीत कोणी काही देईल याची वाट बघत बसले तर फार उशीर होईल."

पाट्या दगडात कोरायच्या ठरल्या. आमच्या भागात दगड कोरणारा एकच, अम्ब्रो. दुकान दफनभूमीच्या फाटकाला चिकटून. मी गेलो तो ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. नोव्हेंबरच्या आधी सगळं गाव आपापल्या माणसांची थडगी रंगवून, नव्या पाट्या बसवून घेतं, त्यामुळे अम्ब्रोच्या डोळ्यांच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्याला नावांची यादी आणि कमानींची मापं दिली.

"नोंग, खालचा चौथरापण मीच ओतू?" त्याने विचारलं. "लोखंडी कमान वर बसवून देतो. एकाच ठिकाणी काम होईल."

"तीस तारखेपर्यंत?"

"तीस तारखेनंतर मला काय काम?"

मला फार बरं वाटलं. एकाच माणसाकडे सगळं सोपवणं म्हणजे व्यवहारचातुर्य, असं मी लुदिंगला सांगितलंसुद्धा. तिने विचारलं, "त्याला सांगितलंत ना, हे कशासाठी आहे ते?"

"यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. सान रोके चर्च, दक्षिणेकडची भिंत, आठ."

"आठ काय?"

मी म्हणालो, "लुदिंग, माणसाला प्रत्येक गोष्ट सांगावी लागत नाही."

खण सातवा
*तिया व्हिक्तोरिना देल्गादो. जन्म १९४१, मृत्यू २०१९. तुझी उणीव भासते.*

तीस ऑक्टोबरला सकाळी जाऊन पाहिलं.

भिंतीला लागून एका ओळीत आठ पांढरेशुभ्र चौथरे. अम्ब्रोकडे साचा एकाच मापाचा. पाचवा सोडून प्रत्येकाच्या डोक्याशी तिरकी पाटी, पाटीवर क्रूस, जोडलेले हात, नाव, जन्म, मृत्यू. तारखा मी दिल्या नव्हत्या. अम्ब्रोने प्रत्येक घराण्याकडे जाऊन आठवणीने विचारून घेतल्या होत्या. चौथऱ्यावर लोखंडी कमान, जिच्यातून वेल चढवावा अशी. आणि पाचव्या थडग्यावर अग्निशामक.

"कसं झालंय?" अम्ब्रोने विचारलं. तो दमला होता, पण खूश होता.

मी म्हणालो, "फार शांत वाटतं."

फादर निलो तरुण आहेत, त्यांनी आधी हसू आवरलं, मग ते त्यांना आवरेना, म्हणून ते वस्त्रं बदलायच्या खोलीत निघून गेले. मी एक पुठ्ठा घेतला आणि लिहिलं: *ही थडगी नाहीत.* ही माझी दुसरी चूक. तोवर निम्म्या लोकांच्या मनात शंका होती, पुठ्ठा वाचून त्यांची खात्री पटली.

एकतीस तारखेला पहिला हार आला. एक तारखेला बावीस मेणबत्त्या. मायेस्त्रा पोर्फिरियांच्या खणात कोणीतरी बशीभर गोड भात ठेवून गेलं. दुसऱ्या पॅरिशमधल्या दोन बायका तिथे गुडघे टेकून उठल्या आणि मला विचारू लागल्या, "हे आठही जण एकदमच गेले का हो?"

"नाही हो, बाई. ते—"

"सायकलवरून जाताना," दुसरी पहिलीला म्हणाली. "कमानी बघ ना. चाकांच्या आठवणीत केल्यात."

"अगं बाई! आणि तो अग्निशामक?"

"उशिरा आणला असणार."

मी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला नवीन सूचना लिहिली: *सायकल स्टँडला फुलं वाहू नयेत.* त्या पुठ्ठ्यालाही संध्याकाळपर्यंत हार पडला होता.

सायकल एकही लागली नाही. बेर्तिंगने आपल्या मेव्हण्याला नवी सायकल देऊन पाठवलं, तो चौथऱ्याजवळ जाऊन टोपी काढून उभा राहिला आणि सायकल खांद्यावर घेऊन परत गेला.

"काय झालं रे?" मी ओरडलो.

"कप्तान हर्मोहेनेस माझ्या आजोबांना ओळखायचे," तो म्हणाला. "त्यांच्या छातीवर टायर कसा ठेवू?"

खण आठवा
*दोन्या एस्कोलास्तिका मोन्तेलिबानो. जन्म १९३३, मृत्यू* ——

दोन नोव्हेंबर. मिस्सा सहाची. साडेपाचला नांग सिदरिंग आली. काळा पोशाख, टोपलीवर स्वच्छ कापड, हँडलला पेपरात गुंडाळलेली मेणबत्ती. ती स्टँडसमोर येऊन थांबली. मेणबत्त्या जळत होत्या, हार होते.

"नांग, लावा ना," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच केलंय हो सगळं."

तिने सगळ्या पाट्या एकेक करून वाचल्या. मग सायकल मागे घेतली. "नोंग, तुमचं मन मोठं. पण आज मृतांचा दिवस. आजच्या दिवशी कोणाच्या अंगावर चाक घालू? त्यांच्या घरचे मेणबत्ती लावून गेलेत." आणि ती फाटकाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात हँडलवर, नेहमीच्या जागी.

माझ्या खिशात नावांची यादी होती. फ्लोरेन्सियोचं नाव चौदावं. पाच महिने धावपळ करून मी आठ थडगी बांधली होती, आणि चौदाव्या नावाला कोणी उठणार नव्हतं. लुदिंग माझ्याशेजारी उभी होती. तिने माझी कॉलर सरळ केली. ती माझी कॉलर सरळ करते तेव्हा प्रकरण खरंच गंभीर असतं.

तेवढ्यात दोन्या एस्कोलास्तिकांची गाडी आली. त्या उतरल्या, काठी टेकत थेट आठव्या खणापाशी गेल्या. अम्ब्रो तिथेच होता. मी मनातल्या मनात माझी वाचकाची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची ते ठरवून टाकलं.

त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. जन्म. मग मृत्यू. मग त्यापुढची रिकामी जागा काठीच्या टोकाने दाखवली.

"हे काय ठेवलंयस?"

अम्ब्रो कधी खोटं बोलत नाही. "नंतर भरायला, दोन्या. मी येऊन कोरून देईन. त्याचं वेगळं काही घेणार नाही."

कोणीतरी मागे येशूला हाक मारत "हेसूस!" म्हणालं.

"जागा पुरेल का?" दोन्यांनी विचारलं. "महिना डिसेंबर असला तर?"

"पुरेल. डिसेंबर धरूनच सोडलीय."

"शहाणा आहेस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताक्यो. इथे खाली कोण पुरलंय?"

"कोणी नाही, दोन्या."

"मी पुरलेय का?"

"तुम्ही तर... उभ्या आहात."

"मग ती बाई सायकल घेऊन फाटकात का उभी आहे?"

मी सगळं सांगितलं. फ्लोरेन्सियो, हँडल, चौदावं नाव. दोन्यांनी अर्ध्यातच काठी उचलली आणि फाटकाकडे रोखली.

"सिदरिंग! इकडे ये. ती सायकल आण. या खणातलं माणूस मेलेलं नाही. माझ्या अंगावर चाक घातलंस आणि मला लागलं, तर मी स्वतः ओरडेन."

नांग सिदरिंग हसली. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. तिने सायकल आणली, पुढचं चाक कमानीत सरकवलं. चाक बरोबर बसलं. अम्ब्रोचं माप कधी चुकत नाही.

"आणि कुलूप?" तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या पिशवीत जूनपासून ती साखळी होती, कुलपासकट. का ठेवली होती, सांगता येणार नाही. मी ती काढली. कमानीतून घेतली. मग थांबलो, लुदिंगकडे पाहिलं, आणि सर्वांदेखत सायकलच्या चाकातून ओवली. कुलूप लावून किल्ली नांग सिदरिंगच्या हातात दिली.

"ओढून बघा," लुदिंग म्हणाली.

सिदरिंगने ओढून पाहिली. मग अंगणातल्या आणखी सातआठ जणांनी ओढून पाहिली. फादर निलोंनीही.

त्यानंतर काय झालं ते मी व्यासपीठावरून पाहिलं म्हणून सांगतो. चौदावं नाव मी वाचलं. ती चौथ्या बाकातून उठली. मेणबत्तीला एक हात खालून, एक हात वाऱ्याला आडवा. कुठेही घाई नाही. वेदीपाशी मेणबत्ती ठेवली, तिथे जेवढं थांबायचं तेवढं थांबली, आणि परत येताना गायनवृंद सुरू झाला तसा चालता चालताच तिने खालचा सूर लावला. पाच महिने वर तरंगणाऱ्या बायका एकदम जमिनीवर उतरल्या. माझी यादीतली ओळ हरवली आणि पंधरावं नाव मी दोनदा वाचलं. त्या घरातून दोन मेणबत्त्या आल्या. ते लोक अजून माझे आभार मानतात.

मिस्सा संपवून बाहेर आलो तर सात खणांत सात सायकली होत्या. हार काढून कोणीतरी हँडलांना बांधले होते. गोड भाताची बशी रिकामी होती. आठवी सायकल, जागा नव्हती म्हणून, अग्निशामकाला टेकवली होती, आणि तिचा मालक बाणाप्रमाणे बाहेर जायचा मार्ग शोधत आंब्याशी जाऊन पोचला होता.

पाट्या बदलायला नको असं कौन्सिलने ठरवलं. दोन्या एस्कोलास्तिका दर रविवारी काठी टेकत आठव्या खणाशी येतात, वाकून पाहतात आणि अम्ब्रो दिसला की हाक मारतात, "अजून रिकामी आहे रे!"

"असू द्या, दोन्या," तो म्हणतो. "मला काही घाई नाही."

"मला तर मुळीच नाही," त्या म्हणतात. "सिदरिंगला रोज जागा लागते."